जुनी पीसीपी एअर रायफल घरी दुरुस्त करताना

पंधरा-वीस वर्षं वापरलेली आणि मग कपाटात पडून राहिलेली पीसीपी एअर रायफल बाहेर काढली की बहुतेकदा एकच तक्रार ऐकू येते. संध्याकाळी हवा भरली, सकाळी गेजची सुई खाली. मग "व्हॉल्व्ह गेला", "सिलिंडर संपलं", "आता पार्ट मिळत नाहीत" असं म्हणत रायफल मोडीत निघते. मला हे बघवत नाही, कारण या रायफलींचं पोलाद आणि पितळ सहसा ठणठणीत असतं. थकलेलं असतं ते रबर आणि प्लास्टिक. दुरुस्ती मुख्यतः याच मऊ भागांची करायची असते. हे भाग घरच्या टेबलावर, शांतपणे, साध्या हत्यारांनी बदलता येतात. मात्र ज्या धातूने दाब धरून ठेवलेला असतो त्याच्या वाटेला घरी जाऊ नये. ही सीमारेषा कुठे आहे आणि ती तिथेच का आहे, हे नीट कळलं की बाकीचं काम सोपं आहे.

आधी आत काय घडतं ते बघू. पीसीपी म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. बॅरलखालच्या नळीत किंवा मागच्या-पुढच्या बाटलीत हवा साठवलेली असते. दर वेळी बॅरल खाली वाकवून स्प्रिंग दाबण्याचा प्रकार यात नाही. चाप ओढला की अडकवलेला हॅमर सुटतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे जाऊन व्हॉल्व्हच्या दांडीवर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, हवेचा एक घोट एका छोट्या छिद्रातून बॅरलमध्ये शिरतो आणि छर्रा पुढे ढकलला जातो. आतला दाब आणि व्हॉल्व्हची स्वतःची स्प्रिंग मिळून व्हॉल्व्ह लगेच बंद करतात. संपूर्ण यंत्र एवढंच. या हवेच्या वाटेवर जिथे जिथे दोन धातू जोडले आहेत, तिथे तिथे एक ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, किंवा सील बसवलेलं असतं.

ही कल्पना नवी नाही. १७८० च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे जिरांडोनीची हवेवर चालणारी रायफल होती आणि तिचा हवेचा साठा दस्त्यातच असे. तिची सीलं कातड्याची होती आणि ती ओली राखावी लागत, वाळली की हवा गळे. दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, कातड्याच्या जागी रबर आलं, तरी दुखणं तेच राहिलं आहे.

२०० बार म्हणजे नेमकं किती

मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ ते २.५ बार हवा असते. जुन्या पीसीपी रायफली बहुधा २०० बारच्या आसपास भरल्या जातात. आकडा नुसता वाचून त्याचा अर्थ पोचत नाही, म्हणून हिशेब करू. नळीचा आतला व्यास २५ मिलिमीटर धरला, तर तिच्या टोकाच्या बुचाचं क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस मिलिमीटर होतं. २०० बारला त्या बुचावर पडणारा जोर जवळजवळ ९,८०० न्यूटन भरतो, म्हणजे एक टन वजनाएवढा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या बुचामागे एक टन.

साठलेल्या ऊर्जेचंही तसंच आहे. २०० घनसेंटिमीटरची नळी २०० बारला भरलेली असेल आणि ती हवा एकदम सुटली, तर सुमारे ८,००० जूल ऊर्जा मोकळी होते. दहा किलोचं वजन ८० मीटर उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा घेऊन येतं, तेवढी. रायफल एका छर्‍याला यातली फक्त १५-१६ जूल देते. म्हणजे छर्‍यापेक्षा नळी शेकडो पटींनी धोकादायक आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याचं तोंड नेमकं त्या नळीच्या टोकाजवळ असतं.

म्हणून पहिला नियम असा की हवा पूर्ण काढल्याशिवाय एकही पेच सैल करायचा नाही. "पूर्ण" या शब्दावर माझा जोर आहे. सुई शून्यावर दिसली म्हणजे नळी रिकामी झाली असं समजू नका. रायफलीवरचे छोटे गेज खालच्या टोकाला फारसे विश्वासाचे नसतात. सुई टेकणीवर अडकलेली असते, किंवा पहिल्या खुणेखाली २०-३० बार उरलेले दिसतच नाहीत. २० बार उरले तरी वरच्या हिशेबातल्या बुचावर शंभर किलोचा जोर असतो. तो बूच बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो.

हवा काढायची ती अशी. सर्वांत आधी बोल्ट, म्हणजे छर्रा आत सरकवणारा मागचा दांडा, उघडून बॅरल रिकामी असल्याची खात्री करा, मागून सफाईची काडी घालून बघितलं तर उत्तमच. रायफलीला हवा सोडायचा खास स्क्रू दिला असेल तर तो सावकाश फिरवा. जुन्या कित्येक रायफलींना तो नसतो. तिथे सुरक्षित दिशेला धरून, छर्रा न घालता, आवाज पूर्ण थांबेपर्यंत चाप ओढत राहावं लागतं. शेवटी नुसती धातूवर धातूची टक ऐकू येते, हवेचा फुसकाही येत नाही. हे काम यंत्र जुळलेलं असतानाच करा. हॅमर आधी काढून बसलात तर हवा सोडायची वाटच बंद होते.

आत रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग, बसवलेला असेल तर आणखी एक अडचण आहे. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या छोट्या कप्प्यात वेगळी हवा अडकून राहू शकते, आणि गेज मुख्य नळीला जोडलेला असेल तर ती त्याच्यावर दिसत नाही. शेवटची कसोटी हाताची. रिकाम्या नळीचा बूच पहिल्या झटक्यानंतर सहज फिरतो, कारण आट्यांवर ताण नसतो. पान्हा लावूनही तो कुरकुरत, जड फिरत असेल तर थांबा. आत हवा आहे. आणि बूच फिरवताना त्याच्या रेषेत चेहरा, पोट किंवा दुसरं माणूस नको.

गळती शोधणं

रायफल उघडण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा. सगळं खोलून सगळ्या ओ-रिंगा बदलण्याची घाई करू नये. गळतीची जागा कळली की अर्धी दुरुस्ती झाली.

त्याआधी गळती खरोखर आहे का हे पडताळा. हवा तापली की दाब वाढतो, निवली की उतरतो. ४० अंश सेल्सिअसला २०० बार दाखवणारी नळी २० अंशाला निवली तर साधारण १८७ बार दाखवते. यात एक कणही हवा गळालेली नाही. भरतानाही नळी गरम होते, त्यामुळे भरल्या भरल्या लिहून ठेवलेला आकडा खोटा. तासभर थांबून, खोलीच्या तापमानाला आलेला आकडा लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा. गेजवर कागदी पट्टी चिकटवून सुईसमोर पेनाने बारीक रेघ मारली तर डोळ्याला फसवायला जागा उरत नाही.

खरी गळती असेल तर भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी बारीक कुंचल्याने एकेका सांध्यावर लावा आणि पाच-दहा मिनिटं बघत बसा. मोठी गळती फस्सकन फेस उडवते. अवघड असते ती मंद गळती. तिथे एका जागी टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा येतो, थांबतो, हळूच वाढतो. हवा भरायच्या तोंडाशी बुडबुडे आले तर तिथला एकतर्फी व्हॉल्व्ह मळला आहे. गेजच्या बुडाशी आले तर तिथलं सील. नळीच्या टोकाशी आले तर बुचाची ओ-रिंग.

बाहेर कुठेच काही दिसत नसेल आणि तरी दाब उतरत असेल, तर हवा मुख्य व्हॉल्व्हमधून बॅरलमध्ये जात असते. त्याची खूण पटवायला बोल्ट बंद करून, हॅमर मागे न ताणता आणि छर्रा न घालता, बॅरलच्या तोंडावर एक मऊ रबरी फुगा ओढून बसवा. काही तासांत तो फुगायला लागला तर चोर सापडला.

आणखी एक गळती असते जी फक्त झाडतानाच होते. बोल्टच्या पुढच्या टोकावरची बारीक ओ-रिंग झिजली की हवेचा काही भाग मागे उलटतो. साठा टिकतो, पण छर्‍याचा वेग पडतो आणि एकसारखा राहत नाही. बोल्टच्या फटीवर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून, छर्‍याला नीट अडवणाऱ्या जागेवर एक फैर झाडा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर ती ओ-रिंग बदलायची. पाच मिनिटांचं काम आहे, आणि "रायफलीत पूर्वीसारखा दम नाही" या तक्रारीमागे अनेकदा हीच असते.

ओ-रिंग: इथे वेळ द्या

ओ-रिंग धातूच्या खाचेत किंचित चेपून बसते. स्थिर सांध्यात ती आपल्या जाडीच्या साधारण १५ ते २५ टक्के चेपलेली असते. हवा आली की दाब तिला खाचेच्या एका बाजूला ढकलतो आणि ती अधिकच घट्ट बसते. म्हणजे चांगल्या ओ-रिंगच्या बाबतीत दाब वाढला की सीलही पक्कं होतं. एखादी रायफल ५० बारला गळते आणि १८० बारला टिकते, असं होतं ते यामुळेच. रबर कडक झालेलं असतं, कमी दाबाने ते जागेवर बसत नाही.

काढलेली जुनी ओ-रिंग फेकू नका. ती उजेडात, भिंगाखाली फिरवून बघा. नवीन ओ-रिंगचा छेद गोल असतो. जुनीचा छेद डी अक्षरासारखा झालेला दिसेल, एक बाजू सपाट. ती वयाने थकली. पण कडेला चंद्रकोरीएवढा बारीक तुकडा निघालेला असेल, तर ती बसवताना आट्यांवर किंवा एखाद्या छिद्राच्या धारेवर कापली गेली. आणि बाहेरची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर दाबाने रबर दोन धातूंमधल्या फटीत घुसत होतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिलीला नुसती नवी ओ-रिंग पुरते. दुसरीला नवी घालूनही तीच गत होईल, कारण धार तशीच आहे. आट्यांवर पातळ टेप गुंडाळून, थोडं सिलिकॉन ग्रीस लावून, न फिरवता सरळ सरकवावी लागते. तिसरीला अधिक कडक ओ-रिंग हवी.

कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. साध्या नळकामातल्या ओ-रिंगा बहुधा ७० च्या असतात. उच्च दाबाच्या मुख्य सांध्यांना ९० ची नायट्राइल रबराची किंवा पॉलियुरेथेनची ओ-रिंग लागते. बोल्टच्या टोकावर, जिथे दाब क्षणभरच येतो आणि सरकताना मऊपणा हवा असतो, तिथे ७० ची चालते. सिलिकॉन रबराची ओ-रिंग मात्र इथे नकोच. ती लवकर फाटते आणि सिलिकॉन ग्रीसने फुगते.

मापाची गोष्ट जुन्या रायफलींत विशेष महत्त्वाची. ओ-रिंग आतला व्यास आणि जाडी या दोन आकड्यांनी ओळखतात. जुन्या ब्रिटिश-अमेरिकन मापाच्या ओ-रिंगांची जाडी १.७८, २.६२ किंवा ३.५३ मिलिमीटर असते, मेट्रिक मापात १.५, २, २.५ आणि ३ असते. २.६२ च्या खाचेत २.५ ची घातली तर ती बसते, दिसायला अगदी बरोबर दिसते, आणि चार दिवसांत गळते. जुनी ओ-रिंग मोजून नवी आणण्याची सवय म्हणूनच चुकीची आहे. चपटी झालेली, फुगलेली वस्तू तुम्ही मोजत असता. व्हर्निअरने धातूची खाच मोजा, तिची रुंदी, खोली आणि बुडाचा व्यास. मग माप ठरवा.

ओ-रिंग काढताना सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये. लाकडी दातकोरणं किंवा प्लास्टिकची टोकदार काडी पुरते. खाचेच्या बुडाला पडलेला केसाएवढा ओरखडाही हवेला वाट देतो, आणि तो भरून काढणं ओ-रिंग बदलण्याइतकं सोपं नाही.

तेल आणि ऑक्सिजन

घरातलं शिलाई मशीनचं तेल किंवा गाडीचं ग्रीस हवेच्या वाटेत घालणं हा सर्वांत घातक शॉर्टकट आहे. हवा झटक्यात दाबली की प्रचंड तापते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं. रिकाम्या नळीत २०० बारची हवा एकदम सोडली तर आतल्या टोकाला क्षणभर इतकं तापमान चढू शकतं की खनिज तेल पेट घेईल, आणि हे एका बंद नळीत घडेल. हवेच्या वाटेतल्या ओ-रिंगांना फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही इतकं पातळ की ओ-रिंग नुसती चमकावी. हॅमर, चाप, बोल्टचा दांडा हे भाग हवेच्या वाटेबाहेर आहेत. तिथे धातूवर धातू घासतो आणि तिथे सिलिकॉन कुचकामी आहे, मोलिब्डेनमचं ग्रीस चालतं. पण ते पुसून पुसून अगदी थोडं.

हवेच्या ऐवजी ऑक्सिजन कधीच भरायचा नाही. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली असताना ग्रीसचा अंशही स्फोटाला पुरतो. इथे "थोडासा", "एकदाच" असं काही नसतं.

मुख्य व्हॉल्व्ह

बॅरलमधून हवा जात असेल तर मुख्य व्हॉल्व्ह उघडावा लागतो. पितळी किंवा पोलादी बैठकीवर प्लास्टिकचं डोकं बसतं, अशी याची रचना. डोकं जुन्या रायफलींत नायलॉन, डेलरिन किंवा टेफ्लॉनचं असतं, नव्यांत पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकचं. सतत दाबाने प्लास्टिकवर बैठकीचा गोल ठसा उमटलेला दिसेल. तो ठसा एकसारखा, अखंड वर्तुळ असेल तर चांगली खूण आहे. वर्तुळ एखाद्या जागी तुटलं असेल, किंवा त्यात धातूचा कण रुतला असेल, तर गळती तिथे आहे.

माझा सल्ला असा की आधी फक्त साफ करा. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बैठक आणि डोकं पुसा, कोरडं करून जोडून बघा. हातपंपातून आलेली ओल आणि बारीक कण हेच कितीतरी व्हॉल्व्हचं दुखणं असतं. पितळी बैठकीवर पॉलिश पेपर घेऊन तुटून पडू नका. हाताने घासलेली बैठक चमकते खरी, पण तिची कड गोल होते आणि वर्तुळ केंद्रात राहत नाही. बैठकीवर खरोखर ओरखडा असेल तर ते लेथवर काम करणाऱ्याचं काम आहे. प्लास्टिकचं डोकं बदलताना मूळ माप आणि मूळ कोन तोच ठेवा.

सिलिंडरला हात नको

नळी किंवा बाटली हा रायफलीचा एकच भाग आहे ज्याची घरी दुरुस्ती नाही. बाहेरून गंजाचे खड्डे, ओरखड्यांची खोल रेघ, ठेचलेली जागा, आट्यांची झीज यांपैकी काही दिसलं तर ती नळी बाजूला ठेवायची आणि पाण्याच्या दाबाने तपासणी करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे न्यायची. बाटलीवर तपासणीची तारीख ठोकलेली असेल तर ती वाचा. पाणबुड्यांच्या बाटल्यांसाठी पुष्कळ देशांत दर पाच वर्षांनी अशी चाचणी लागते. नळीच्या आत बारीक दिवा सोडून बघा, कारण हातपंपाने वर्षानुवर्षं भरलेल्या पोलादी नळीत ओल साठून आतून गंज धरतो आणि बाहेरचा मुलामा नव्यासारखा राहतो.

नळीला भोक पाडणं, नवे आटे काढणं, वेल्डिंग करणं, घासून पातळ करणं, तापवून रंग बदलणं यातलं काहीच करायचं नाही. ॲल्युमिनियमला दिलेली उष्णता त्याचं बळ कायमचं घालवते आणि वरून काही कळत नाही. दुसरं म्हणजे आजचे पंप ३०० बारपर्यंत जातात म्हणून २०० बारच्या जुन्या नळीत २५० भरू नये. नळीवर कोरलेला आकडा हीच हद्द.

गंमत म्हणजे जास्त भरून फायदाही होत नाही. रेग्युलेटर नसलेल्या जुन्या रायफलीत दाब वाढला की तो व्हॉल्व्हला अधिक जोराने बंद ठेवतो. हॅमर तेवढ्याच ताकदीने आदळतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि छर्रा उलट हळू जातो. फारच भरलं तर व्हॉल्व्ह उघडतच नाही. अशा वेळी लोकांना वाटतं हॅमरची स्प्रिंग मेली आणि ते जास्त ताठ स्प्रिंग घालतात. रायफलीत बिघाड काहीच नव्हता, हवा जास्त होती.

सुधारणा करायची तर आधी मोजा

यासाठी क्रोनोग्राफ, म्हणजे छर्‍याचा वेग मोजणारं यंत्र, हवंच. त्याच्याशिवाय केलेली प्रत्येक सुधारणा हा अंदाज असतो. रायफल पूर्ण भरा, एकाच वजनाचे छर्रे घ्या आणि प्रत्येक फैरीचा वेग व दाब लिहीत जा. कागदावर मांडल्यावर बिनरेग्युलेटरच्या निरोगी रायफलीची रेषा टेकडीसारखी दिसते. सुरुवातीला वेग थोडा कमी, मग चढतो, मधे बराच वेळ सपाट राहतो, शेवटी उतरतो. मधला सपाट भाग तुमच्या कामाचा. समजा तो १८० ते १२० बारच्या दरम्यान निघाला, तर २०० बार भरण्याचं कारणच उरत नाही. १८० ला भरा, १२० ला थांबा. एकही पार्ट न बदलता रायफल अचूक झाली. मला ही सुधारणा सर्वांत आवडते.

यानंतर हॅमरच्या उसळीकडे बघावं. व्हॉल्व्हवर आदळून हॅमर मागे येतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते. तो दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा व्हॉल्व्ह उघडतो. छर्रा तोवर गेलेला असतो, ही हवा निव्वळ वाया. फैरीच्या मागोमाग एक मऊ फुर्र ऐकू येत असेल तर हेच चाललं आहे. स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण थोडा कमी केला, म्हणजे विसाव्याच्या स्थितीत हॅमर व्हॉल्व्हच्या दांडीला दाबून बसत नाही, की उसळ बरीच कमी होते आणि एका भरण्यात जास्त फैरी मिळतात. पाव आटा फिरवा, पाच फैरींचा वेग मोजा, लिहा, मगच पुढचा पाव आटा.

रेग्युलेटर बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तो मुख्य नळीतला बदलता दाब एका ठरावीक, कमी दाबावर आणून देतो आणि वेगाची टेकडी सपाट करतो. पण जुन्या रायफलीत त्यासाठी जागा मुख्य नळीतूनच काढावी लागते, हवेचा साठा घटतो, हॅमरची स्प्रिंग नव्याने जुळवावी लागते आणि शिवाय रेग्युलेटरच्या चकत्यांच्या कप्प्याला बाहेरच्या हवेशी जोडणारं छिद्र लागतं. तुमच्या रायफलीत ते छिद्र मूळचंच नसेल, तर ते पाडणं म्हणजे पुन्हा नळीला भोक. तिथे माझं उत्तर नाही असंच आहे.

चापाच्या बाबतीतही मी सावध आहे. हॅमर अडवून धरणाऱ्या दोन कडांवर कडक केलेला थर अगदी पातळ असतो. घासून चाप हलका होतो, थोड्या दिवसांत थर संपतो आणि मऊ पोलादाची कड झिजते. मग रायफल धक्क्याने आपोआप सुटते. साफ करणं, जुनं वाळलेलं ग्रीस काढणं, नवा बारीक थर देणं एवढंच करावं. जोडल्यावर रिकामी रायफल ताणून, सुरक्षित दिशेला धरून, रबरी हातोडीने दस्त्यावर हलके ठोके मारून बघा. एकदा जरी सुटली तरी ती वापरायची नाही.

बॅरलला फार काही लागत नाही. एअर रायफलीच्या बॅरलचं पोलाद मऊ असतं, म्हणून तारेचा ब्रश नको, मागच्या बाजूने कापडी पट्टी ओढून साफ करा. तोंडाच्या आतल्या कडेवर कापसाचा बोळा फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे ठेच आहे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जुन्या रचनेत बॅरल पट्ट्याने हवेच्या नळीला करकचून बांधलेली असते. नळी भरली की ती अतिसूक्ष्म ताणते, रिकामी होताना आखडते आणि बॅरलला सोबत ओढते. भरलेली रायफल एका जागी मारते, अर्धी झालेली दुसरीकडे. लोक दुर्बिणीला दोष देतात. तो पट्टा थोडा सैल करून बॅरल आणि पट्टा यांच्यात ओ-रिंगची गादी दिली की फरक दिसतो.

ताकद वाढवण्याविषयी एवढंच, की हा प्रश्न कायद्याचाही आहे. ब्रिटनमध्ये रायफलीची हद्द १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.२७ जूल आहे, जर्मनीत विनापरवाना ७.५ जूल, भारतात २० जूलहून अधिक ऊर्जा किंवा ०.१७७ इंचाहून मोठी बॅरल असेल तर परवाना लागतो. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटरने गेला तर १५.८ जूल होतात आणि २५० मीटरने गेला तर १७.१. म्हणजे स्प्रिंगचा थोडासा ताण ब्रिटनमधल्या माणसाला गुन्हेगार ठरवायला पुरेसा आहे. साफसफाई आणि नवी सीलं यांनीही वेग वाढतो, म्हणून दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणं हे कर्तव्यच आहे. आवाज दाबणाऱ्या नळ्यांना बऱ्याच देशांत वेगळे कायदे आहेत, त्या घरी बनवू नयेत.

जोडणी आणि पहिली भरती

जोडताना प्रत्येक ओ-रिंग बसवल्यावर बोटाने गोल फिरवून पिळा पडला नाही ना ते बघा. बूच आधी उलटा फिरवा, आटे जुळल्याची बारीक टक कळते, मग सुलटा फिरवा. धातूचे आटे वाकडे चढवणं हा नळी वाया घालवायचा सर्वांत झटपट मार्ग आहे. बूच मूळ खोलीपर्यंत गेला की थांबायचं. सील ओ-रिंग करते, जास्तीचा जोर काही करत नाही.

पहिल्यांदा फक्त ५० बार भरा, तेही अगदी सावकाश, आणि साबणाचं पाणी पुन्हा सगळीकडे फिरवा. मग १०० ला न्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी रेघ आणि सुई जुळली तर कामाच्या दाबापर्यंत भरा, पुन्हा एक रात्र ठेवा. हातपंप वापरत असाल तर थोड्या थोड्या झटक्यांनी, मधे मधे थांबून, पंप निवू द्या आणि ओल सोडायची तोटी दर वेळी उघडा. रायफल ठेवून देताना नळी पूर्ण रिकामी करू नका. थोडा दाब असला की सीलं जागेवर चेपून राहतात आणि आत धूळ-ओल शिरत नाही. कामाच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास हवा, बॅरल रिकामी, हॅमर उतरवलेला, आणि कुलपात ठेवलेली.